यूआरएल लघुकरण

यूआरएल लघुकरण म्हणजे आंतरजालावरील एखाद्या लांब पत्त्याच्या जागी, तेच पान उघडून देणारा आखूड पत्ता वापरण्याची पद्धत होय. अशा आखूड पत्त्याचे दोन भाग असतात: सेवा पुरवणाऱ्या संकेतस्थळाचे शक्य तितके छोटे नाव आणि तिरक्या रेषेपुढील काही वर्णांचा संकेत. संकेत बहुधा पाच ते आठ वर्णांचा असतो. येथे वर्ण म्हणजे अक्षर, अंक किंवा चिन्ह. ‘लघुकरण’ या नावामुळे मूळ पत्ता दाबून लहान केला जात असावा असा समज होतो, परंतु प्रत्यक्षात तसे काही घडत नाही. मूळ पत्ता सेवेच्या नोंदवहीत जसाच्या तसा लिहून ठेवलेला असतो आणि संकेत हा केवळ त्या नोंदीचा क्रमांक असतो. या पद्धतीची सोय आणि तिच्यातील धोके, दोन्ही यातूनच उद्भवतात.

गरज

यूआरएलच्या मूळ नियमांनुसार पत्त्यात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढेच चालते. अन्य लिपीतील मजकूर आधी यूटीएफ-८ पद्धतीने बाइटांत मांडला जातो आणि मग प्रत्येक बाइट, टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन वर्णांनी लिहिला जातो. देवनागरीतील प्रत्येक युनिकोड चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजेच पत्त्यात नऊ वर्ण. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. पण काने आणि हलन्त वेगळे मोजले की त्यात १० युनिकोड चिन्हे भरतात आणि पत्त्यात त्यांचे ९० वर्ण होतात. मराठी विकिपीडियावरील त्या लेखाच्या पत्त्यात सुरुवातीचे ३० वर्ण मिळवले की एकूण लांबी १२० होते. असा पत्ता न्याहाळकातून उचलून पत्रात चिकटवला असता टक्क्याच्या चिन्हांची न वाचता येणारी माळ दिसते, हा अनुभव मराठी, हिंदी, रशियन किंवा जपानी लिहिणाऱ्यांना नेहमीचा आहे. इंग्रजी लेखांच्या पत्त्यांना ही अडचण क्वचितच येते.

जेथे मजकुराच्या लांबीवर मर्यादा असते तेथे ही बाब अधिक टोचते. एका एसएमएसमध्ये रोमन मजकुराचे १६० वर्ण मावतात, पण मजकुरात देवनागरीचे एक जरी चिन्ह आले तरी ही मर्यादा ७० वर येते. वरील १२० वर्णांचा पत्ता मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात बसूच शकत नाही. छापील पुस्तकात, भित्तिपत्रकावर किंवा व्याख्यानाच्या फलकावर पत्ता द्यायचा असेल तर तो वाचून हाताने टंकित करावा लागतो, तेथेही आखूड पत्ता सोयीचा ठरतो. क्यूआर संकेतात पत्ता जितका आखूड, तितके चौकोन कमी आणि मोठे होतात व कॅमेऱ्याला ते सहज वाचता येतात.

इतिहास

लांब पत्त्याऐवजी नोंदवलेला छोटा शब्द वापरण्याची कल्पना आंतरजालाहून बरीच जुनी आहे. तारेचे पैसे शब्दांवर आकारले जात, म्हणून व्यापारी पेढ्या व संस्था तारखात्याकडे एक-दोन शब्दांचा ‘तारेचा पत्ता’ नोंदवून घेत आणि तो आपल्या पत्रशीर्षावर छापत. तो शब्द कोणाचा, हे तार कचेरीतील नोंदवहीवरूनच कळे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि पत्रशीर्षांवरील ते शब्द निरुपयोगी झाले.

आंतरजालावर १९९५ साली ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेने ‘पर्ल’ नावाची सेवा सुरू केली. तिचा हेतू पत्ता आखूड करण्याचा नसून टिकाऊ करण्याचा होता: पान दुसरीकडे हलले तरी नोंद बदलावी आणि बाहेर दिलेला पत्ता तोच राहावा. तंत्र मात्र पुढील लघुकरण सेवांचेच होते. जानेवारी २००२ मध्ये केव्हिन गिल्बर्टसन या एकचाकी सायकलपटूने टाइनीयूआरएल ही सेवा सुरू केली. चर्चागटांतील लेखांचे लांबलचक पत्ते ई-पत्रात मध्येच तुटत, ही त्यामागची अडचण होती.

लघुकरणाला खरा जोर आला तो ट्विटरमुळे. तेथील संदेशाला १४० वर्णांची मर्यादा होती आणि लांब दुवा दिल्यास लिहिण्यास जागाच उरत नसे. ट्विटरने आधी टाइनीयूआरएल आणि २००९ पासून बिटली या सेवेचा वापर केला. पुढे ‘टी.को’ ही स्वतःची सेवा आणून सर्व दुवे तिच्यामार्फत पाठवण्यास सुरुवात केली. त्यानंतर तेथे दुवा कितीही लांब असो, तो ठरावीक वर्णांचा, सध्या २३ वर्णांचा, धरला जातो. त्यामुळे लांबी वाचवण्यासाठी वेगळ्या सेवेची गरज उरली नाही. तरीही या सेवा टिकल्या, कारण तोवर त्यांचा मुख्य उपयोग बदलला होता. दुव्यावर किती जणांनी, केव्हा आणि कोणत्या देशातून टिचकी मारली हे मोजण्याचे ते साधन बनले होते.

कार्यपद्धती

आखूड पत्त्यावर टिचकी मारल्यावर न्याहाळक प्रथम लघुकरण सेवेच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर संकेत वाचतो, नोंदवहीत त्यापुढील मूळ पत्ता शोधतो आणि पान पाठवण्याऐवजी ‘हे पान अमुक पत्त्यावर आहे’ एवढेच उत्तर देतो. यास पुनर्निर्देशन म्हणतात. न्याहाळक मग मूळ पत्त्यावर नवी मागणी करतो. हे सर्व बहुधा सेकंदाच्या काही दशांशांत घडते, त्यामुळे वाचकाला मधला थांबा जाणवत नाही.

एचटीटीपी नियमावलीत पुनर्निर्देशनाचे अनेक क्रमांक आहेत. ३०१ या क्रमांकाचा अर्थ ‘कायमचे हलवले’ असा होतो. हे उत्तर न्याहाळक स्वतःजवळ साठवू शकतो आणि पुढच्या वेळी मधल्या सर्व्हरला न विचारता थेट मूळ पानावर जाऊ शकतो. ३०२ किंवा ३०७ म्हणजे ‘तात्पुरते हलवले’. अशा वेळी न्याहाळक सहसा दरवेळी नव्याने विचारतो. पहिल्या प्रकारात सर्व्हरवरचा भार हलका होतो, दुसऱ्यात प्रत्येक टिचकीची मोजदाद होते व मूळ पत्ता नंतर बदलता येतो. निवड तांत्रिक दिसली तरी ती बरीचशी सेवेच्या व्यवसायावर अवलंबून असते.

नोंदवही फार मोठी नसते. एका नोंदीला सरासरी १०० बाइट धरले तर १०० कोटी नोंदी १०० गिगाबाइटांत मावतात, म्हणजे साध्या घरगुती संगणकातही. अवघड भाग साठवणुकीचा नसून, दर सेकंदाला येणाऱ्या असंख्य मागण्यांना विलंब न करता उत्तर देण्याचा असतो. वारंवार मागितले जाणारे दुवे त्यासाठी मुख्य स्मृतीत ठेवले जातात.

लघुकरण आणि संक्षेपण

फाइल लहान करणाऱ्या संक्षेपण आज्ञावलीत मूळ मजकूर पुन्हा मिळवण्यास लागणारी सर्व माहिती लहान फाइलमध्येच असते. सहा वर्णांच्या संकेतात तसे असणे अशक्य आहे, हे साध्या मोजणीने सिद्ध होते. पत्त्यात निर्वेधपणे वापरता येणारे वर्ण ६६ आहेत: २६ लहान व २६ मोठी रोमन अक्षरे, १० अंक आणि चार चिन्हे. त्यांपासून बनणाऱ्या १०० वर्णांच्या माळांची संख्या ६६ चा १०० वा घात, म्हणजे १ वर सुमारे १८२ शून्ये इतकी होते. सहा वर्णांचे संकेत ५,६८० कोटींच्या आसपासच आहेत. खुराड्यांपेक्षा कबुतरे जास्त असतील तर एका खुराड्यात एकाहून अधिक कबुतरे येणारच, या तत्त्वानुसार कोणत्याही सूत्राने प्रत्येक लांब पत्त्याला स्वतःचा वेगळा सहा-वर्णी संकेत देता येणार नाही. लघुकरण चालते ते जगातील संभाव्य पत्त्यांपैकी अगदी थोडेच कोणी तरी प्रत्यक्षात नोंदवतो म्हणून.

याचा व्यावहारिक अर्थ असा की संकेतात मूळ पत्त्याविषयी काहीही नसते. नोंदवही नष्ट झाली तर कितीही गणित केले तरी संकेतावरून मूळ पत्ता परत मिळत नाही. यूट्यूबचा आखूड पत्ता याला अपवाद वाटतो, पण तो वेगळ्या जातीचा आहे: त्यात चित्रफितीचा ११ वर्णांचा ओळखक्रमांक पूर्णपणे असतो, फक्त संकेतस्थळाचे नाव छोटे असते. लांब पत्ता त्यावरून कोणालाही हाताने लिहिता येतो.

संकेत तयार करण्याचे गणित

संकेतात सामान्यतः १० अंक, २६ लहान व २६ मोठी रोमन अक्षरे असे ६२ वर्ण वापरतात. प्रत्येक स्थानी ६२ पर्याय असल्याने चार वर्णांचे १,४७,७६,३३६, पाच वर्णांचे ९१,६१,३२,८३२ आणि सहा वर्णांचे ५६,८०,०२,३५,५८४ संकेत होतात. सात वर्णांत ही संख्या साडेतीन लाख कोटींवर जाते. दर सेकंदाला १०० नवे दुवे नोंदवले गेले तरी सहा वर्णांचे संकेत संपण्यास १८ वर्षे लागतील, सात वर्णांचे संपण्यास १,१०० वर्षांहून अधिक. केवळ अंक वापरले असते तर सहा स्थानांत १० लाखच नोंदी मावल्या असत्या.

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे नोंदींना १, २, ३ असे क्रमांक देणे आणि क्रमांक ६२ च्या पायात लिहिणे. दशमान पद्धतीत जसे एकक, दशक, शतक, तसे येथे १, ६२, ३,८४४, २,३८,३२८ ही स्थाने असतात. ० ते ९ साठी अंक, १० ते ३५ साठी लहान अक्षरे आणि ३६ ते ६१ साठी मोठी अक्षरे असा संकेत धरू. नोंद क्रमांक १,२५,००,००० घेतला, तर त्याला ६२ ने भागल्यावर भागाकार २,०१,६१२ व बाकी ५६ येते. २,०१,६१२ ला पुन्हा भागल्यावर ३,२५१ व बाकी ५०. ३,२५१ ला भागल्यावर ५२ व बाकी २७. ५२ ला भागल्यावर ० व बाकी ५२. बाक्या शेवटून वाचल्या की ५२, २७, ५०, ५६ मिळतात, म्हणजे मोठा ‘क्यू’, लहान ‘आर’, मोठा ‘ओ’ आणि मोठा ‘यू’. उलट रूपांतर गुणाकाराने होते: (५२ × २,३८,३२८) + (२७ × ३,८४४) + (५० × ६२) + ५६ = १,२५,००,०००. सव्वा कोटीवी नोंद चार वर्णांत बसली.

याच उदाहरणातील मोठा ‘ओ’ छापल्यावर शून्यासारखा दिसतो. मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ यांतही असाच घोळ होतो. म्हणून हाताने टंकायच्या संकेतांतून काही सेवा शून्य, मोठा ‘ओ’, मोठा ‘आय’ व लहान ‘एल’ हे चार वर्ण गाळतात. बिटकॉइनच्या पत्त्यांसाठी प्रचलित झालेली ५८ वर्णांची पद्धत हीच होय. तिची किंमत अशी की सहा वर्णांचे संकेत ५,६८० कोटींवरून सुमारे ३,८०७ कोटींवर येतात. काही जण स्वरही गाळतात, जेणेकरून संकेतात नकळत अपशब्द तयार होऊ नये.

क्रमवार पद्धतीत दोन नोंदींना एकच संकेत कधीच मिळत नाही. तिचा दोष असा की पुढचा संकेत कोणालाही ओळखता येतो: वरील उदाहरणात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ लिहिले की पुढच्या माणसाने नोंदवलेला दुवा उघडतो. शिवाय एकूण किती दुवे नोंदवले गेले हेही उघड होते. त्यामुळे अनेक सेवा संकेत यादृच्छिकपणे, म्हणजे सोडत काढावी तसे निवडतात, आणि मग टक्कर होण्याचा, म्हणजे आधीच दिलेला संकेत पुन्हा निघण्याचा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे गणित वाढदिवसाच्या प्रसिद्ध कोड्यासारखेच आहे. २३ जणांच्या गटात कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक असते, कारण महत्त्व माणसांच्या संख्येला नसून जोड्यांच्या संख्येला असते. ५,६८० कोटी संकेतांतून न पाहता निवड केली, तर पहिली टक्कर होण्याची संभाव्यता सुमारे २,८०,६०० निवडींनंतरच निम्म्यावर पोहोचते. तोवर उपलब्ध संकेतांपैकी दोन लाखांत एकच वापरला गेलेला असतो. पण जोड्या ३,९३७ कोटी झालेल्या असतात. ढोबळ नियम असा की एकूण संकेतांच्या वर्गमुळाइतक्या निवडी झाल्या की टक्कर अपेक्षित धरावी. येथे ते वर्गमूळ ६२ चा घन, म्हणजे २,३८,३२८ आहे.

हा निष्कर्ष भीतीदायक वाटला तरी व्यवहारात तो जड जात नाही. संकेत देण्यापूर्वी तो नोंदवहीत आहे का हे पाहता येते आणि असल्यास दुसरा काढता येतो. एक कोटी नोंदी होईपर्यंत अशी वेळ साधारण ८८० वेळाच येते. नोंदवहीचा जितका हिस्सा भरलेला, तितकी प्रत्येक नव्या निवडीत टक्कर होण्याची शक्यता: निम्मी भरली असता सरासरी दोन, नव्वद टक्के भरली असता सरासरी दहा प्रयत्न लागतात. म्हणून जागा संपण्याच्या बऱ्याच आधी संकेताची लांबी एका वर्णाने वाढवली जाते.

मूळ पत्त्यावरून हॅश काढून त्याचे पहिले काही वर्ण घेण्याची पद्धतही आहे. तीत तोच पत्ता पुन्हा नोंदवल्यास तोच संकेत मिळतो, एवढी सोय आहे. मात्र एमडी५ सारख्या १२८ बिटांच्या हॅशला ६२ च्या पायात २२ वर्ण लागतात आणि तो सहावर तोडल्यावर टक्करीचे गणित यादृच्छिक निवडीसारखेच होते.

टक्कर नको आणि उघड क्रमही नको, असे दोन्ही साधणारी एक सुबक युक्ती अंकगणितात आहे. नोंद क्रमांकाला एका ठरावीक संख्येने गुणायचे आणि गुणाकाराला एकूण संकेतांच्या संख्येने भागून उरलेली बाकी संकेत म्हणून घ्यायची. गुणक आणि एकूण संख्या सहमूळ असतील तर प्रत्येक क्रमांकाला वेगळी बाकी मिळते, म्हणजे एकास एक संगती राहते. ६२ = २ × ३१ असल्याने गुणक विषम असावा आणि त्याला ३१ ने भाग जाऊ नये, एवढीच अट पुरते. दोन वर्णांच्या ३,८४४ संकेतांत १,२३५ हा गुणक घेतला तर १, २, ३, ४ या क्रमांकांना १,२३५, २,४७०, ३,७०५ आणि १,०९६ मिळतात. वरवर पाहता क्रम मोडला. पण लागोपाठच्या संकेतांतील फरक १,२३५ च राहतो आणि दोन-तीन दुवे नोंदवून पाहणाऱ्यास गुणक सहज सापडतो. जेथे गुप्तता हवी तेथे साध्या गुणाकाराऐवजी गुप्त किल्लीवर चालणारी कूटलेखन पद्धत वापरावी लागते.

अंदाज लावण्याचा धोका

अनेक सेवांवर ‘ज्याच्याकडे दुवा त्यालाच फाइल दिसेल’ अशी व्यवस्था असते. मूळ दुवा लांब व यादृच्छिक असल्याने ती पुरेशी सुरक्षित मानली जाते. तोच दुवा आखूड केला की त्याची सुरक्षितता संकेताच्या लांबीइतकीच उरते. सेकंदाला १,००० संकेत तपासणारी आज्ञावली पाच वर्णांचे सर्व संकेत साडेदहा दिवसांत, तर सहा वर्णांचे दोन वर्षांच्या आत पालथे घालते.

मार्टिन जॉर्जिएव्ह व विताली श्मातिकॉव्ह यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रत्यक्ष करून दाखवले. त्यांनी बिटलीचे सहा वर्णांचे १० कोटी संकेत यादृच्छिकपणे तपासले, तेव्हा सुमारे ४२ टक्के संकेतांमागे खरे पत्ते निघाले. त्यांत वनड्राइव्हवरील खाजगी फाइली होत्या आणि काही फोल्डर तर कोणालाही बदल करता येतील असे उघडे होते. गूगल नकाशांचे आखूड दुवे त्या वेळी पाच वर्णांचे होते. त्यांवरून कोण कोठून कोठे गेले याचा, रुग्णालयासारख्या ठिकाणांसह, माग काढता येत असे. अभ्यासकांनी कळवल्यानंतर गूगलने ते संकेत ११-१२ वर्णांचे केले. ११ वर्णांचे सर्व संकेत वरील वेगाने तपासण्यास १६० कोटींहून अधिक वर्षे लागतात.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. आखूड दुव्यावरून तो कोठे नेणार हे दिसत नाही, म्हणून फसवणूक करणारे आपले संकेतस्थळ त्यामागे लपवतात. काही सेवा मूळ पत्ता आधी दाखवण्याची सोय देतात, पण ती वापरणारे थोडे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंदवून मान्य न झालेले दुवे असलेले व्यावसायिक एसएमएस दूरसंचार कंपन्यांनी रोखावयाचे आहेत. विकिमीडिया प्रकल्पांत बहुतेक लघुकरण सेवांचे दुवे काळ्या यादीत आहेत आणि असा दुवा असलेले संपादन जतन होत नाही.

दुव्यांचे आयुष्य

साधा दुवा मरतो तो मूळ पान नाहीसे झाले म्हणून. आखूड दुवा मूळ पान शाबूत असतानाही मरू शकतो, कारण मध्ये तिसरा पक्ष आहे. ऑगस्ट २००९ मध्ये ट्रिम या सेवेने बंद होत असल्याचे जाहीर केले. काही दिवसांत तो निर्णय फिरवला गेला, परंतु आपले दुवे कोणाच्या मर्जीवर उभे आहेत हे तोवर अनेकांच्या ध्यानात आले होते. त्याच वर्षी जून महिन्यात क्लिग्ज या सेवेच्या नोंदवहीत घुसखोरी झाली आणि सुमारे २२ लाख दुवे एकाच भलत्या पानाकडे वळले.

छोट्या नावाच्या हव्यासातून आणखी एक परावलंबन येते. बिटलीच्या नावातील ‘एलवाय’ हे लिबियाचे, गूगलच्या सेवेतील ‘जीएल’ हे ग्रीनलँडचे आणि ‘टी.को’मधील ‘को’ हे कोलंबियाचे देशसूचक डोमेन आहे. अशा नावांवर त्या त्या देशाचे नियम चालतात. लिबियाच्या नोंदणी संस्थेने २०१० साली ‘एलवाय’मधील एका लघुकरण सेवेचे नाव, तिचा मजकूर तेथील कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून काढून घेतले.

सर्वांत मोठे उदाहरण गूगलचे आहे. डिसेंबर २००९ मध्ये आलेली तिची लघुकरण सेवा मार्च २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी बंद झाली, जुने दुवे मात्र चालू राहिले. जुलै २०२४ मध्ये, २५ ऑगस्ट २०२५ नंतर हे दुवेही चालणार नाहीत असे कंपनीने जाहीर केले. शोधनिबंध, पुस्तके आणि छापील पत्रके यांत असे दुवे विखुरलेले होते आणि छापलेला दुवा दुरुस्त करता येत नाही. मुदत संपण्याच्या काही आठवडे आधी कंपनीने निर्णय सौम्य केला व अलीकडे वापरात असल्याचे दिसलेले दुवे चालू ठेवण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या पुस्तकातील दुवा या कसोटीला उतरत नाही.

या नोंदवह्या वाचवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इंटरनेट आर्काइव्हने २००९ मध्ये लघुकरण सेवांनी आपल्या नोंदींची प्रत सुपूर्द करावी यासाठी एक उपक्रम सुरू केला. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवी गटाचे सदस्य सेवेची परवानगी न मागता संकेत एकामागून एक तपासतात आणि मिळालेले मूळ पत्ते उतरवून ठेवतात. फाइली शोधणारे घुसखोर वापरतात तीच ही पद्धत आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानाची ‘डब्ल्यू.विकी’ ही सेवा २०१९ पासून सर्वांना खुली असून ती केवळ विकिमीडिया प्रकल्पांतील पानांचेच पत्ते स्वीकारते. तिच्यातील संकेत व मूळ पत्ते यांची यादी कोणालाही उतरवून घेता येते.